आलमट्टी सोडा, जरा पाथरपुंजकडं बघा

आमच्या आष्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये कुठल्याही चहाच्या गाड्यावर जा, विषय एकच. आलमट्टी. किती भरलं, किती सोडलं, उंची ५१९ मीटरवरून ५२४ होणार की नाही, कर्नाटकवाले ऐकणार की नाही. ज्यांनी ते धरण आयुष्यात पाहिलेलं नाही (म्हणजे जवळजवळ सगळेच) तेसुद्धा तिथला विसर्ग तोंडपाठ सांगतात. आमचे आण्णा तर सकाळी पेपर उघडला की आधी आयर्विन पुलाची पातळी, मग आलमट्टी आणि मग घरच्यांशी बोलणं, याच क्रमानं चालतात.

आता यात वावगं काही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. त्याआधी सगळ्यांच्या तोंडी २००५ चा पूर असायचा, तो ५३ च्या वरचा. २०१९ नं तो मागं टाकला आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, नदी पुन्हा ५४-५५ फुटांवर. २०१९ ला शिगावची आत्या, तिची माणसं आणि दोन म्हशी नऊ दिवस आमच्याकडं होत्या. म्हशी वाचल्या याचा आनंद मानायचा की सगळा ऊस पाण्याखाली गेला याचं रडायचं, हे तिला कळत नव्हतं. ती नुसती चहा करत बसायची. नऊ दिवस तिनं आईला चुलीजवळ येऊ दिलं नाही.

तेव्हा माणसं पाण्याबद्दल बोलणारच. मला खटकतं ते एवढंच, की पाणी जातं कुठं याकडं अख्खा जिल्हा डोळे लावून बसलाय आणि ते येतं कुठून याकडं कोणी मान वळवत नाही. २०१९ च्या पुराचा अभ्यास करायला नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, त्यात खापर आलमट्टीवर फोडलेलं नव्हतं. थोड्या दिवसांत कोसळलेला प्रचंड पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं ही कारणं पुढं केली होती. गाड्यावर हा अहवाल कोणाला पटला नाही, ते असो. पण हा थोड्या दिवसांतला प्रचंड पाऊस पडला कुठं? आष्ट्यात तर नाही. आष्ट्याला पाऊस वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडं पूर येतो तो पाऊस नसताना येतो, कधीकधी तर चक्क ऊन पडलेलं असताना.

गूगल मॅपवर आष्ट्यावर बोट ठेवा आणि वारणेच्या कडेकडेनं पश्चिमेला सरकत जा. शिराळा, कोकरूड, चरण. नदीच्या दोन्ही बाजूंना उसाचे चौकोन. मग डोंगर जवळ येतात, चौकोन बारीक होत जातात आणि वारणावतीजवळ मातीचं लांबलचक धरण लागतं. ३४ टीएमसीचं चांदोली धरण, कागदोपत्री नाव वसंतसागर. त्याच्या मागं जे गर्द हिरवं दिसतं ते चांदोली राष्ट्रीय उद्यान. १९८५ साली अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. त्याच्या उत्तरेला कोयना अभयारण्य. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, एकूण साधारण ११६५ चौरस किलोमीटर, त्यातला सहाशेच्या आसपास गाभा. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात महाराष्ट्रातली चार. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. म्हणजे चारातली दोन आमच्या नद्यांच्या डोक्यावर बसलेली आहेत. शाळेत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. शाळेच्या सहली पन्हाळा आणि जोतिबालाच जायच्या.

मॅप अजून थोडा वर सरकवला की अगदी कोकणकड्याच्या धारेवर पाथरपुंज सापडतं. सातारा, सांगली आणि रत्नागिरी या तीन जिल्ह्यांच्या हद्दी तिथं भिडतात आणि वारणेचा उगम याच परिसरात, प्रचितगडाच्या आसपास. पावसाच्या आकड्यांत पाथरपुंज अलीकडं नवजा आणि महाबळेश्वरच्या बरोबरीनं, कधी त्यांच्याही पुढं असतं. आपण पुण्याचे लोक महाबळेश्वरलाच पावसाची राजधानी समजतो (आणि स्ट्रॉबेरीची). खरी राजधानी पर्यटकांच्या यादीतसुद्धा नाही.

आता हे जंगल आमच्यासाठी नेमकं काय करतं? इथं थोडं सांभाळून बोलायला हवं. 'जंगल असतं तर पूर आला नसता' असं व्हॉट्सॲपवर फिरतं, ते मला पटत नाही. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे आष्ट्याचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात! एवढं पाणी कुठलंही जंगल पिऊ शकत नाही. जमीन आधीच भिजून गच्च झालेली असते, वरून पडेल तेवढं खाली येतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरची क्षमता शंभरची, रिक्वेस्ट आल्या दहा हजार. कितीही छान कोड लिहा, तो झोपणारच.

पण डोंगरावर माती धरून ठेवायला मुळं असली तर पाण्याबरोबर डोंगर खाली येण्याचा धोका कमी होतो. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या आणि माणसं गेली. मुळांवाचूनच्या उतारावरची माती थोडी थोडी करून रोजच धरणात येत असते, त्याची बातमी होत नाही. आणि दुसरं म्हणजे फेब्रुवारी-मार्च. पूर वर्षातले दहा दिवस, उसाला पाणी बारा महिने. पावसाळा संपल्यावर ओढे-झरे किती दिवस वाहणार हे ठरतं वरच्या मातीत आणि जांभ्याच्या थरात किती पाणी मुरलं यावर. आमच्याकडं वारणेवर उपशाच्या मोटारी चालतात त्या या मुरलेल्या आणि अडवलेल्या पाण्यावर. तेव्हा जंगल पूर थांबवत नाही म्हणून ते बिनकामाचं, असं कोणी म्हणायला नको.

पाऊसच बदललाय, हे मात्र आता नुसतं म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं राहिलेलं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक अभ्यास मांडला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतावर मोठ्या टापूत पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना जवळजवळ तिपटीनं वाढल्या, आणि त्याला लागणारी वाफ तापलेल्या अरबी समुद्रावरून येते, असा त्याचा सारांश. त्याच काळात एकूण मोसमी पाऊस मात्र वाढला नाही, उलट कमीच झाला. अरबी समुद्रावरून आलेल्या वाफेच्या वाटेत पहिली भिंत कुठली? आपलीच. सह्याद्रीची.

मग २०२५ आलं. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत हजर! वळवाच्या आशेवर असलेल्या आमच्या शेतकऱ्यांना मशागतीलाही वेळ मिळाला नाही. आणि एवढ्या घाईनं आलेला हा पाहुणा मेच्या शेवटी जो थबकला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढं सरकेना. माणसांनी नावं ठेवली आणि पेरणी पुढं ढकलली. माणसाला ते जमतं. सड्यावरच्या भेकाला कसं जमणार?

सडा म्हणजे काय हे घाटाखालच्या-वरच्या लोकांना सांगायला नको, पण आयटी पार्कमधल्या मंडळींसाठी सांगतो. डोंगराच्या माथ्यावर जांभ्या दगडाची सपाट पठारं असतात, तो सडा. उन्हाळ्यात बघाल तर काळपट, भाजलेला, ओसाड. 'इथं काहीच नाही' असं वाटावं असा. पहिल्या पावसानंतर त्याच्या खळग्याखळग्यांत पाणी साचतं आणि गवत, सीतेची आसवं, तेरडे, कीटक खाणाऱ्या वनस्पती असं सगळं जागं होतं. कास त्यामुळंच प्रसिद्ध झालं. चांदोलीत झोळंबीचा सडा आहे, तिथं कासएवढी गर्दी नाही. देवाची कृपा.

तर याच भागात कोयना भेक नावाचा एक छोटासा बेडूक राहतो. १९६३ मध्ये कोयनेच्या शिवसागर परिसरातून त्याची शास्त्रात पहिली नोंद झाली. या प्रजातीत साऱ्या जगात दोनच जाती, एक हा कोयनेचा आणि दुसरा आंबोलीचा. दोन्ही फक्त सह्याद्रीच्या एवढ्याशा तुकड्यात. पावसाच्या सुरुवातीला उथळ, चार दिवसांच्या पाण्यात यांची वीण होते. आंबोलीच्या भेकाची अंडी तर जांभ्यावर साचलेल्या बोटभर पाण्यात असतात. पाऊस लागून राहिला तर पिल्लं तरतात. मध्ये आठवडाभर कडक ऊन पडलं की डबकं आटलं, खेळ खलास. हजारो वर्षं जूनच्या पावसाच्या भरवशावर बसवलेलं हे वेळापत्रक आहे. मेमध्ये धो धो आणि जूनमध्ये उघडीप, असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही.

आणि इथून पळायला जागाही नाही. हिमालयात तापमान वाढलं की झाडं-प्राणी हळूहळू वर सरकतात असं आपण वाचतो. इथं वर काय आहे? चांदोली-कोयनेचे डोंगर हजार-अकराशे मीटरला संपतात, वर सपाट सडा, आणि त्याच्यावर आभाळ. उत्तरेला सरकावं तर पाऊस कमी महिन्यांत उरकतो आणि कोरडे महिने वाढत जातात. केरळातल्या सदाहरित जंगलाला दोन-चार महिने कोरडे काढावे लागतात, आपल्याकडं सात-आठ. आपलं अंजनी, जांभूळ, पिसा यांचं जंगल आधीच तहानेच्या काठावर उभं आहे. त्यात मार्च-एप्रिल अजून तापला की गवत लवकर वाळतं आणि मग वणवा. वणवा आपोआप लागत नाही हो, लावला जातो. कधी गवत चांगलं यावं म्हणून, कधी शिकारीसाठी, कधी नुसती विडी टाकून. जळलेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागी आधी कोण येतं? घाणेरी आणि रानमोडी. रानमोडी या नावातच सगळं आलं.

एवढं सगळं सांगितल्यावर आमच्याकडचा माणूस हमखास म्हणतो, "पण आता वाघ आलाय की!"

आलाय, खरंच आलाय. आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. व्याघ्र प्रकल्प म्हणून पाटी लागल्यावर कितीतरी वर्षं इथं कॅमेऱ्यात वाघच येत नव्हता, लोक चेष्टा करायचे. २०१८ च्या मेमध्ये एक दिसला, मग पुन्हा शांतता. डिसेंबर २०२३ मध्ये चांदोलीत परत एक नर कॅमेऱ्यात सापडला आणि पट्टे जुळवल्यावर कळलं की हाच गडी २०२२ मध्ये राधानगरीत होता. त्याचं नाव ठेवलं सेनापती. मागोमाग सुभेदार आला, बाजी आला. तिघेही नर. गडी आले पण घर कसं बसणार? म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्यातून एक वाघीण पकडून चांदोलीत आणली, सोनार्लीच्या कुंपणात काही दिवस ठेवली आणि मग जंगलात सोडली. ऑपरेशन तारा. ताडोबा आणि पेंचमधून एकूण आठ वाघ आणायची परवानगी आहे. त्यांना खायला हवं म्हणून आमच्या सागरेश्वरातून चितळही नेऊन सोडलेत. वन खात्याला एरवी आपण नावं ठेवतो, पण हे काम चिकाटीनं केलंय.

फक्त सेनापतीच्या त्या प्रवासाकडं जरा बघा. राधानगरी ते चांदोली. मध्ये काय लागतं? गगनबावडा, विशाळगड, आंबा घाट. २०२०-२१ मध्ये सरकारनं विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर केली, ती याच वाटेसाठी. ही वाट पुढं तिळारी, गोव्याची म्हादई आणि कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पापर्यंत जाते. म्हणजे बाहेरून नवं रक्त यायला इथं एकच केबल आहे, आणि त्या केबलवर आंब्याला रत्नागिरी-नागपूर महामार्ग आडवा. शाहूवाडी-राधानगरीच्या पठारांतून बॉक्साइट खणलं गेलंय. खुद्द प्रकल्पात कोयना आणि चांदोली यांच्यामधून कुंभार्ली घाटाकडं जाणारा कराड-चिपळूण रस्ता जातो. पाटणच्या बाजूला वनकुसवडे, सडावाघापूरच्या पठारांवर १९९० च्या दशकाच्या शेवटापासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. हवामान वाचवायला पवनचक्की हवी आणि पवनचक्कीला सडा हवा. हा तिढा मला अजून सुटलेला नाही. पवनचक्कीचं पातं नव्हे, त्या पात्याला वर न्यायला केलेला रस्ता जास्त महागात पडतो, एवढं मात्र तिथं उभं राहून बघितलं की कळतं. रस्ता झाला की मग जेसीबी येतो, प्लॉट पडतात, पाट्या लागतात.

प्लॉटवर येतोच, त्याआधी सोनार्लीचं सांगतो.

अकरावी-बारावीला माझ्याबरोबर एक मित्र होता, वारणेपलीकडं वडगावच्या बाजूला त्यांची वसाहत. चांदोलीतून उठवलेली माणसं. आधी धरण आलं, मग अभयारण्य, आणि बत्तीसच्या आसपास गावं तिथून हलली. कोणी वाळव्यात, कोणी शिराळ्यात, हातकणंगल्यात, जिथं जमीन मिळाली तिथं. काहींना मिळाली ती मुरमाड, काहींना कागदावर. त्यांची आंदोलनं डॉ. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षं चालू आहेत. कॉलेजात आम्ही त्या पोरांना 'धरणग्रस्त' म्हणूनच ओळखायचो. आडनावं नंतर कळायची.

वाघिणीची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा या मित्राचा फोन आला. त्याची आजी नव्वदीच्या घरात. तिला टीव्हीवर आपल्या गावाचं नाव ऐकू आलं. उठवल्यापासून पहिल्यांदाच.

"आजी काय म्हणली माहितेय का?" तो सांगत होता. "म्हणली, आमची हिरीवरची गावठाणाची जागा हाय का रं ती? मग पाणी हाय तिथं. बाईला कमी पडायचं न्हाई."

बाई म्हणजे वाघीण.

वन खात्याची माणसं सांगतात ते खरंच आहे. उठलेल्या गावांच्या जुन्या शेतांची आता कुरणं झालीत, गवे आणि सांबर तिथंच चरायला येतात, त्या कुरणांतली रानमोडी दरवर्षी काढावी लागते. गावाच्या आंब्या-फणसांवर अस्वलं चढतात. भातखाचरांचे बांध अजून ओळखू येतात. आपण ज्याला 'अस्पर्श जंगल' म्हणून फोटो टाकतो त्यातला बराच भाग कुणाचं तरी परसू आहे. हे जंगल राखायची किंमत मोजली ती या लोकांनी, पाणी मिळालं ते आमच्या उसाला, आणि वारसा मिळाला तो युनेस्कोला. माझ्या शिक्षणाची फी उसाच्या बिलातून गेली. तेव्हा 'जंगल वाचवा' हे मला जरा खालच्या आवाजातच बोलावं लागतं.

आता प्लॉट.

माझा चुलतभाऊ आष्ट्यातच असतो. हुशार, कष्टाळू, माझ्यापेक्षा व्यवहार दुप्पट कळतो. त्याच्या डोक्यात गेल्या वर्षापासून बसलंय की वडिलोपार्जित शेतातला वीस गुंठ्यांचा आमचा सामायिक तुकडा विकायचा आणि कोयनेच्या बाजूला जागा घ्यायची. 'व्ह्यू'वाली. तिथं चार कॉटेज बांधायची, मी वेबसाइट करायची. (आयटीत आहे म्हटल्यावर नातेवाइकांच्या लेखी मी वेबसाइट करतो आणि प्रिंटर दुरुस्त करतो. :-) ) त्याचंही चुकत नाही. दोन पुरांत त्याचा ऊस गेला, नुकसानभरपाई किती मिळाली ते विचारू नका. तो म्हणतो, नदीकाठची माती आता भरवशाची राहिली नाही, डोंगरावर तरी पूर येणार नाही.

तो ज्या भागाचं बोलतोय तो 'नवीन महाबळेश्वर'चा. कोयनेच्या जलाशयाच्या दोन्ही बाजूंची सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतली २३५ गावं, सुमारे ११५३ चौरस किलोमीटर. रस्ते विकास महामंडळाला २०१९ मध्ये तिथं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. २०२४ मध्ये प्रारूप आराखडा आला आणि त्याच वर्षी आणखी २९४ गावं जोडायचं ठरलं. व्याघ्र प्रकल्प, जागतिक वारसा आणि नवं गिरिस्थान, तिन्ही एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. त्याच वर्षी कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणी गावची शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याचं प्रकरण गाजलं आणि राष्ट्रीय हरित लवादानं स्वतःहून दखल घेतली. तेव्हा भाव आधीच फुटलेला आहे. भावाला जागा दाखवणारा एजंट म्हणतो, "साहेब, आज घ्या, उद्या हेलिपॅड येतंय."

दिवाळीत त्याच्याबरोबर जागा बघायला गेलो. पाटणच्या बाजूला, सड्याच्या अगदी धारेवर. व्ह्यू खरोखर जबरदस्त, खोटं कशाला बोलू. खाली जलाशय, समोर कोयनेचं रान. पण जागा सपाट करायला जेसीबीनं धार कापलेली होती आणि कापलेल्या कडेला पावसाळ्यानंतरची ओली भेग स्पष्ट दिसत होती. पाण्याचं काय विचारलं तर एजंट म्हणाला बोअर मारू. जांभ्याच्या सड्यावर बोअर! खाली वाडीत एक बाप्या भेटला, त्यानं सांगितलं की वर खणकाम झाल्यापासून त्यांचा झरा मार्चलाच आटतो, आधी मेपर्यंत चालायचा. एका झऱ्यावरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं. तरी तो माणूस काही सेमिनारमध्ये पेपर वाचत नव्हता, त्याला पाणी भरायचं होतं.

परतीच्या वाटेवर आमचं वाजलंच.

"भावा, तुम्ही पुण्यात एसीत बसून पर्यावरण सांगताय," तो म्हणाला. "तिथल्या पोरांनी काय मुंबईत हमालीच करायची का जलमभर? चार हॉटेलं झाली तर कामं मिळतील का न्हाई?"

मिळतील. हे नाकारण्यात अर्थ नाही. पाटण-जावळीची निम्मी गावं मुंबईच्या माथाडीवर आणि मनीऑर्डरवर जगली. मी त्याला म्हटलं, वाडीतल्या माणसाच्या घरात राहायची सोय कर, त्याच्याशी भागीत कर, खाली दरीत, गावठाणात कर. माझे पैसे मी घालतो. पण सडा फोडायचा नाही आणि धारेवर बांधायचं नाही. जिथं माती आधीच सहाशे मिलिमीटरच्या दिवसांची वाट बघत बसलीय तिथं खोदलेल्या कडेवर लोकांना पैसे घेऊन झोपवायचं, हे मला जमणार नाही. आंबेघर तिथून किती लांब आहे?

"आणि गावठाणात व्ह्यू कुठनं आणू?" तो म्हणाला.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. व्ह्यूचेच पैसे असतात, हे त्याला माझ्याहून जास्त माहीत आहे.

आण्णांकडं गेलो. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, सातबाऱ्यावर तिघांची नावं आहेत, तिघांच्या सह्या लागतील. त्यांनी करतो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मी मात्र सांगून आलोय की सड्यासाठी माझी सही मिळणार नाही. तेव्हापासून भाऊ फोनवर जरा मोजकंच बोलतो. काकू म्हणते, सख्ख्यासारखी पोरं तुम्ही, दगडावरून भांडताय. तिचंही बरोबर आहे, दगडच आहे तो. जांभा.

गेल्या आठवड्यात भावाचा मेसेज आला, खाली वाडीतल्या त्याच बाप्याचा नंबर मागत होता. कशाला, ते लिहिलं नव्हतं. मी पाठवला.